तासाचा भाव

कॉलेजच्या शिपायाने शिकवणाऱ्या बायकांचे सरळ दोन भाग पाडले होते. महिन्याला पगार घेणाऱ्या त्या मॅडम आणि तासावर पैसे घेणाऱ्या त्या तासबाई. बाकीच्या तासबाया दोन-तीन वर्षांत काढता पाय घ्यायच्या. कुणी लग्न करून जायची, कुणी विम्याच्या कचेरीत चिकटायची, कुणी हात टेकून घरी बसायची. ही एकटीच मागे राहिली, त्यामुळे ते नाव कायमचं तिला लागलं. कायमचं असं तिला त्या संस्थेकडून तेवढंच मिळालं, असं ती स्वतःच कधीकधी हसून म्हणायची.

सोळा वर्षं ती जीवशास्त्र शिकवत होती. लागली तेव्हा तासाला शंभर मिळायचे. पाच वर्षांनी दीडशे झाले, आणि तिथे जे घोडं अडलं ते अडलंच. सुट्टीचे पैसे नाहीत, परीक्षेच्या दिवसांचे नाहीत, एखादा वर्ग सहलीला गेला तर त्या तासाचेही नाहीत. दिवसाला चार तासिका, पण त्या सलग कधीच नसायच्या. पहिली सकाळी आठला, शेवटची संपायची दोनच्या सुमारास. मधला वेळ शिक्षकांच्या खोलीत खिडकीजवळच्या खुर्चीवर, कारण कपाट आणि टेबल फक्त मॅडम लोकांना.

तिला थांबायला सांगितलं होतं ते तिच्या वडिलांनी. नाना त्याच संस्थेच्या शाळेत हेडमास्तर होते. त्यांच्या काळी दोन वर्षं तात्पुरतं काढलं की माणूस कायम व्हायचा आणि म्हातारपणी पेन्शन घ्यायचा. नाना तसेच झाले होते, त्यामुळे जग तसंच चालतं यावर त्यांचा पक्का विश्वास. "घाई करू नकोस, कायम होशील," हे ते दर जूनमध्ये म्हणत. लग्नाच्या गोष्टी आल्या तेव्हाही घरात हेच ठरलं, की एकदा कायम झाली की बघू. बघता बघता ती बेचाळिशीला आली आणि विचारणारे विचारायचे थांबले.

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी नाना दाढी करता करता खाली बसले. उजवी बाजू गेली, बोलणंही बहुतेक गेलं. आई आधीच वारली होती. भाऊ दूरच्या शहरात बायको-मुलांत होता. नानांना एकटं ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून तिने एका एजन्सीकडून मावशी लावली. पेशंटची उठबस, आंघोळ, भरवणं करणाऱ्या बाईला सगळे मावशीच म्हणतात, मग ती पंचविशीतली का असेना. ही मावशी मात्र खरोखरच मावशीच्या वयाची होती. हाडापेराने दणकट, बोलायला मोकळी. नानांना कुशीवर वळवताना त्यांच्याशी अशा गप्पा मारायची जशी काही शेजारीण भिंतीवरून बोलते आहे.

एजन्सी तेव्हा तासाला एकशेदहा घ्यायची. तिचं जाणं-येणं धरून रोज सात तास मावशी लागायची. म्हणजे तासबाई दिवसाला सहाशे मिळवायची आणि मावशीवर सातशेसत्तर जायचे. हा हिशेब काही तिला येत नव्हता असं नाही. पण वरची भर नानांच्या पेन्शनमधून पडायची, आणि यंदा नाही तर पुढच्या वर्षी कायम होऊ या आशेवर ती त्याकडे काणाडोळा करायची. खरं म्हणजे नानाच तिच्या नोकरीचे पैसे भरत होते.

नाना रोज ती निघताना डावा हात वर करून बोटं हलवायचे. आज किती तास, असा तो प्रश्न. ती चार बोटं दाखवायची. नाना मान हलवायचे आणि तोंडाच्या एका बाजूने हसायचे.

एजन्सीचा दर दुसऱ्या वर्षी एकशेतीस झाला. तिसऱ्या वर्षी फोनवर निरोप आला, की पहिल्या तारखेपासून एकशेसाठ. माणसं मिळत नाहीत, मागणी वाढली आहे, वगैरे. तो निरोप तिने बसथांब्यावर उभ्याउभ्या वाचला. नेमकी त्याच आठवड्यात कॉलेजात सूचना लागली होती. तासिका अठ्ठेचाळीस मिनिटांची असते, संस्था मात्र आजवर चुकून पूर्ण तासाचे पैसे देत आली. यापुढे मिनिटांप्रमाणे हिशेब होईल. म्हणजे दीडशेचे एकशेवीस. बस आली आणि गेली, तिच्या ध्यानातच आलं नाही. म्हाताऱ्या माणसाला धरून संडासाला नेण्याचा भाव मुलांना हृदयाचे कप्पे शिकवण्याच्या भावाच्या पुढे निघून गेला होता. मावशीच्या कामाला ती कधीच हलकं समजली नव्हती. पण मग आपण सोळा वर्षं नेमकं काय करत होतो, हे तिला कळेना.

ती संस्थेच्या सेक्रेटरींना भेटायला गेली. सेक्रेटरी नानांचे विद्यार्थी. एके काळी फी भरता येत नव्हती म्हणून नानांनी त्यांना दोन वर्षं आपल्या खिशातून शिकवलं होतं, हे ते प्रत्येक भाषणात सांगत. त्यांनी तिला बसवलं, नानांची चौकशी केली, गोळ्या कोणत्या चालू आहेत तेही विचारलं. तिने दराचं काढलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बाई, तुमच्यापासून काय लपवायचं. जीवशास्त्राच्या जागेसाठी माझ्याकडे चौदा अर्ज पडलेत. त्यातल्या तिघी शंभरावर यायला तयार आहेत."

"सोळा वर्षं झाली, सर."

"म्हणून तर तुम्हाला एकशेवीस."

हे त्यांनी अगदी मायेने सांगितलं. उठताना म्हणाले, नानांना माझा नमस्कार सांगा.

ती आणखी एक वर्ष तशीच रेटणार होती. पण जूनमध्ये वेळापत्रक लागलं त्यात तिचं नावच नव्हतं. काढून टाकलं असं कुणी म्हणालं नाही, कारण काढायला मुळात तिला ठेवलेलं नव्हतं. दर वर्षी नवं पत्र मिळायचं, ते या वर्षी मिळालं नाही. शिपायाने तिला फाटकापर्यंत सोडलं. तिच्या जागी आलेली मुलगी तिचीच विद्यार्थिनी होती, हे त्याने सांगितलं आणि सांगून बसल्यावर त्याने जीभ चावली.

घरी येऊन तिने मावशीला सांगून टाकलं, की महिनाअखेरीपासून तुम्हाला बोलावणं परवडायचं नाही. मावशी नानांचा टॉवेल पिळत होती. तिने पिळून दोरीवर टाकला आणि मग विचारलं, कॉलेजवाले तासाला किती देत होते. तिने आकडा सांगितला.

"एवढंच?" मावशी म्हणाली. "मला वाटायचं, तुम्हाला हजारभर तरी असतील."

"तुम्हाला तर एकशेसाठ आहेत ना."

मावशी हसली. "एकशेसाठ एजन्सीला. माझ्या हातात सत्तर पडतात. तीन वर्षांत तुमचा दर पन्नासने वाढला. माझा दहाने."

मग मावशीने तिला सुचवलं. हॉस्पिटलांत एजन्सीची माणसं लागतात, आठ तासांची पाळी सलग मिळते, मध्ये खुर्चीवर फुकट बसावं लागत नाही. तुम्हाला तर नसा, हाडं सगळं पाठ. आठ तासांचे पाचशेसाठ. तासबाईने मनात गुणाकार केला. चार तासिकांचे चारशेऐंशी होत होते.

भावाला तिने फोन केला. काही महिने थोडी मदत करशील का, एवढंच विचारलं. तो चांगलाच माणूस होता, पण त्याच्याही डोक्यावर घराचे हप्ते होते. बोलता बोलता तो म्हणाला, "मला एक कळत नाही. तुझ्या पगारापेक्षा मावशीचे पैसे जास्त होते, तर तू आधीच घरी का नाही बसलीस?" नानांनी थांब म्हटलं म्हणून, असं म्हणायला तिची जीभ रेटेना.

दर वाढल्यावर नानांची पेन्शनही पुरली नव्हती आणि झालेली उसनवारी फेडायची होती, म्हणून जुलैपासून ती एका खाजगी हॉस्पिटलात जाऊ लागली. सकाळी सात ते तीन. घरून साडेसहाला निघायचं. नानांना उठवून, स्वच्छ करून, मऊ भात भरवून ती पलंगाच्या दोन्ही बाजूंना उशा लावायची, डाव्या हाताला पाण्याची नळीवाली बाटली आणि पितळी घंटा ठेवायची. खालच्या मजल्यावरच्या काकू अकराला वर येऊन एक चक्कर टाकायच्या. काकूही सत्तरीच्या, गुडघ्यांनी बेजार; त्यांना यापेक्षा जास्त सांगणं तिच्या जिवावर यायचं.

नाना अजूनही बोटं हलवून विचारायचे. ती अजूनही चार बोटं दाखवायची. पाठीवर तीच कॉलेजची पिशवी, फक्त आत पुस्तकांऐवजी फिका निळा कोट असायचा. तो ती हॉस्पिटलातच धुऊन वाळवायची. एक दिवस तिथलं पाणी गेलं म्हणून तिने तो घरी आणला आणि न्हाणीत वाळत घातला. संध्याकाळी नानांना आंघोळीला चाकांच्या खुर्चीवरून आत नेलं तेव्हा कोट समोरच. छातीवर एजन्सीचं नाव शिवलेलं. नानांनी तो पाहिला. हेडमास्तराची नजर, छापलेलं काहीही वाचल्याशिवाय सुटायची नाही. ती त्यांच्या पाठीला साबण लावत राहिली. दुसऱ्या दिवशी ती निघाली तेव्हा नानांनी हात वर केला नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. तिने दारात थोडं थांबून पाहिलं, मग कडी लावली आणि जिना उतरली. त्यानंतर त्यांनी तिला कधीच काही विचारलं नाही.

हॉस्पिटलात तिसऱ्या मजल्याच्या वॉर्डची सिस्टर तिला पाहून पहिल्याच दिवशी उभी राहिली. दहा-अकरा वर्षांपूर्वीची तिची विद्यार्थिनी. वहीत मूत्रपिंडाची आकृती फार सुबक काढायची, तेवढं तासबाईला आठवत होतं. सिस्टर सगळ्यांदेखत तिला मॅडम म्हणाली. दोन दिवसांनी तिला वरून समज मिळाली, की मावशांना मॅडम म्हणू नये, पेशंटच्या नातेवाइकांचा गोंधळ होतो. मग ती काहीच म्हणेनाशी झाली. काम सांगायचं असलं की समोर येऊन उभी राहायची.

काम तासबाईला जमलं. चादर न काढता माणसाला वळवणं, भांडं देणं-घेणं, पाठीवर लाल चट्टा दिसला की जखम व्हायच्या आत सांगणं. पेशंट तिच्यावर खूश असत. पण पहिल्या महिन्याच्या पैशांत साडेसहा तास कमी भरले. रोज पाळी संपताना दुसरी मावशी येईपर्यंत पंधरा-वीस मिनिटं जास्तीची जायची, ती तर धरलेली नव्हतीच; उलट सकाळी सातला पाच मिनिटं उशीर झाला की अर्धा तास कापलेला. कागदावर सही सिस्टरची.

तिने सिस्टरला कपडे बदलायच्या खोलीत गाठलं.

"हे तू कापलंस?"

सिस्टरने दार लोटून घेतलं. "मॅडम, मी नाही कापलं तर माझे कापतात. वॉर्डला महिन्याचे तास ठरवून दिलेत. वर गेले की माझ्या नावावर."

"तुला तर पगार असेल."

"साथीच्या वर्षी दर दीडपट केला होता. टाळ्याही वाजवल्या आमच्यासाठी. साथ गेल्यावर म्हणाले, तो तात्पुरता होता. तो काढला आणि त्याबरोबर महिन्याचा पगारही काढला. आता आम्हीसुद्धा तासावर. एकशेतीस."

तुमच्या नावाने एजन्सी जे घेते त्यापेक्षा तीस कमी, हे तिने बोलून दाखवलं नाही, पण दोघींनाही वजाबाकी येत होती. बोलता बोलता ती रडकुंडीला आली. तासबाईने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तिथून पुढे तासांबद्दल चकार शब्द काढला नाही. भांडायचं तर कुणाशी, हाच प्रश्न होता. कापणारीच्या गळ्याशीही कात्री होती.

नोव्हेंबरात एका मंगळवारी ती सव्वातीनला वॉर्डमधून निघून चारच्या आसपास घरी पोचली. कडी काढली तर पलंग रिकामा. नाना पलंग आणि भिंतीच्या मधल्या फटीत पडले होते, डावा हात अंगाखाली, घंटा दूर कपाटापाशी. त्या दिवशी काकूंचे गुडघे धरले होते, म्हणून त्या वर आल्याच नव्हत्या. कपडे पुरते ओले होऊन पुन्हा वाळायला लागले होते. त्यावरून ती पडण्याची वेळ ठरवू शकली. सकाळी नवाच्या आगेमागे. सहा-सात तास. नाना शुद्धीवर होते. डोळे उघडे होते आणि ते तिच्याकडे बघत होते.

सरकारी इस्पितळात नेलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. या वयात, या छातीला शस्त्रक्रिया झेपणार नाही म्हणाले. पुढे काय काय होणार हे तिला क्रमाने माहीत होतं. माणूस एका जागी पडून राहिला की फुप्फुसाच्या तळाला पाणी धरतं, मग ताप, मग श्वास वाढतो. हा पाठ ती दर वर्षी ऑगस्टमध्ये शिकवायची. आता तो तिच्या डोळ्यांसमोर ओळीने घडत गेला आणि ती कोणत्याही ओळीला अडवू शकली नाही. मावशी दोनदा येऊन बसून गेली. आपल्या पाळीचे तास बुडवून आली होती, पैशाचं नाव काढू दिलं नाही. तिने नानांचं तोंड पुसलं, केस विंचरले, नेहमीसारखी बडबड केली. एकोणिसाव्या दिवशी सकाळी साडेदहाला नाना गेले.

भाऊ आला, दोन दिवस राहिला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. निघताना त्याने तिला विचारलं, की नाना इतका वेळ पडून होते तेव्हा त्यांनी हाका मारल्या असतील का. ती म्हणाली, त्यांना हाक मारता येत नव्हती. त्याने आपली बॅग उचलली आणि रिक्षा बघायला खाली गेला.

नानांबरोबर पेन्शन गेली. इस्पितळातले एकोणीस दिवस आणि नंतरचे चार, असे तेवीस दिवस तिने काम केलं नव्हतं, म्हणून एजन्सीने तिची जागा दुसरीला दिली होती. फोन केला तर म्हणाले, या, पण नव्याने नाव लिहावं लागेल. नव्या माणसांना आता पासष्ट. पूर्वी बाया मिळत नव्हत्या म्हणून दर चढे. आता शाळा-कॉलेजांतल्या शिकलेल्या बायकाही रांगेत उभ्या राहतात, तेव्हा वाढवायचा कशासाठी, असं तिथला माणूस सरळच म्हणाला. त्याला ती कोण होती हे माहीत नव्हतं. तिने पासष्टवर सही केली आणि या वेळी त्याच वॉर्डात बारा तासांची पाळी मागून घेतली. घरी लवकर जाण्याचं कारण उरलं नव्हतं.

जानेवारीत एका रविवारी सेक्रेटरी भेटायला आले. बसले, नानांच्या फोटोपुढे मान लववली, दोन वर्षांच्या फीची गोष्ट पुन्हा एकदा सांगितली. डोळेही पुसले, आणि ते काही नाटकी नव्हतं. मग म्हणाले, संस्थेने सरांच्या नावाने दर वर्षी एक व्याख्यान ठेवायचं ठरवलंय. पहिलं व्याख्यान तुम्हीच द्यावं, अशी सगळ्यांची इच्छा. सरांची मुलगी, आणि वर आमच्याकडे सोळा वर्षं शिकवलेली.

"कधी आहे?" तिने विचारलं.

"चोवीस तारखेला, सकाळी अकराला. तासाभराचं बोललात तरी पुरे. मानधन वगैरे काही ठेवलेलं नाही, घरचंच कार्य समजा."

ती नानांच्या फोटोकडे बघत राहिली. त्यांना वाटलं गहिवरली असेल. त्यांनी तिच्या हातावर थोपटलं आणि सध्या काय करता, असं विचारलं. हॉस्पिटलात असते, ती म्हणाली. वा, चांगलं क्षेत्र आहे, ते म्हणाले, तिथे आता पैसाही बरा मिळतो म्हणतात.

चोवीस तारखेची सुट्टी मागायची की नाही, यावर तिने दोन दिवस घालवले. सुट्टी म्हणजे बारा तास बुडणार आणि पुन्हा कुणी जागेवर बसलं तर नव्याने नाव लिहावं लागणार. आणि तिथे उभं राहून ती सांगणार काय होती. नाना किती चांगले शिकवायचे, हे तिला सांगता आलं असतं. ते कसे गेले, हे सांगता आलं नसतं. तिने सिस्टरजवळ विषयही काढला नाही.

त्या दिवशी अकराच्या सुमारास ती सात नंबरच्या पेशंटला वळवत होती. नानांच्याच वयाचा माणूस, अंगाने जड. एकटीने वळत नव्हता म्हणून तिने सिस्टरला हाक मारली. दोघींनी मिळून त्याला कुशीवर घेतलं, पाठ तपासली, मागे उशी लावली. सिस्टर पुढच्या पलंगाकडे गेली. पेशंटने किती वाजले ते विचारलं. तिने सांगितलं, आणि त्याच्या अंगाखालची चादर ओढून सारखी केली.